माहेरची बैठक

नंदाबाईचा नंबर नऊ वर्षांनी लागला, आणि लागला तोही असा.

संघटनेचा रिवाज होता. दिवाळीनंतरच्या रविवारी सगळ्या बायांनी कुणातरी एकीच्या माहेरी जमायचं, तेही न बोलावता. बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडून, हक्कसोडीच्या कागदावर सही करून, ती बाई साडीचोळी घेऊन ज्या अंगणातून निघाली असेल, त्याच अंगणात सतरंज्या टाकायच्या आणि दिवसभर बसायचं. भांडायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. फक्त चहा मागायचा आणि भावजयीनं तोंड वाकडं केलं तरी हलायचं नाही. केळापूरकडच्या एका भावानं विहिरीची मोटर बंद करून टाकली होती, तर दिग्रसकडचा एक जण संध्याकाळपर्यंत बायांच्या मागे उकिडवा बसून राहिला आणि महिन्याभरात स्वतःहून बहिणीचं नाव लावायला तलाठ्याकडे गेला.

रिवाज नंदाबाईनंच पाडलेला. स्वतःचं माहेर मात्र ती दरवर्षी पुढे ढकलायची. "माह्या माहेरी काय, केव्हाही जाता येते," म्हणायची.

तसं ते जाता येत नव्हतं, हे एकट्या सुग्राबीला माहीत होतं. दोन हजार तीन साली बाप गेला आणि दिवस व्हायच्या आत नानाजीकाकांनी कागद पुढे केला. नंदाबाईनं बोरी अरबची नऊ एकर एकुलत्या भावाच्या नावे सोडली, आणि वर त्याचा गालगुच्चा घेतला. पुढच्याच वर्षी नवऱ्यानं दुसरी आणून तिला घराबाहेर काढलं. माहेरी आली तेव्हा काका ओट्यावरूनच म्हणाले, "पाहुणी म्हून चार दिवस राह्य." ती तीन महिने राहिली आणि एक दिवस दारव्ह्याची गाडी धरून निघून गेली. दारव्ह्यात कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या टोळीत तिला सुग्राबी भेटली आणि त्या दोघींतून संघटना उभी राहिली.

आणि आता ज्याच्या नावे जमीन गेली तो भाऊच राहिला नव्हता. म्हणजे माणूस होतं, अगदी धडधाकट होतं, पण अमरची अर्पिता झाली होती.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून ती परत आली ती सलवार-कुर्त्यात, खांद्यापर्यंत केस वाढवून. गावानं काय तमाशा केला तो सांगण्यात अर्थ नाही. नंदाबाईनं मात्र दारव्ह्याहून येऊन, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बहिणीला ओट्यावर बसवलं आणि तिच्या केसांना तेल लावलं. हे तेल गावानं नंदाबाईला अजून माफ केलं नव्हतं.

म्हणूनच त्या रविवारी सकाळी ती जे बोलली, त्यानं निलोफरचा विळीवरचा हात जागच्या जागी थांबला.

"तुम्ही अध्यक्ष म्हणून ठराव मांडा, मी अनुमोदन देते," निलोफर कांदे चिरता चिरता म्हणाली होती. जी स्वतःला बाई म्हणते तिला संघटनेत प्रवेश, असा ठराव होता. आणि पहिला फॉर्म अर्पिताचा. त्यासाठीच निलोफरनं यंदा बोरीच्या बैठकीचा आग्रह धरला होता.

"मी इरोध करनार हाय," नंदाबाई म्हणाली.

"ताई, मजाक नका करू."

"मजाक कायले करू?"

निलोफर दारव्ह्याच्या मोटार मेकॅनिकची मुलगी. मोहिउद्दीन मिस्त्रींच्या गॅरेजपुढे ठाण मांडून, त्यांच्याशी चार दिवस वाद घालून नंदाबाईनंच तिला वकिली शिकायला यवतमाळला धाडलं होतं. तिला वाटायचं, ताईंच्या डोक्यात काय चाललंय हे आपल्याला त्यांच्याआधी कळतं. आज पहिल्यांदा तिला काहीच कळलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"गेल्या साली दिल्लीच्या कोर्टानं सांगितलं, ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. आणि आपण नाही म्हणायचं? उद्या दारात उभं राहून कोण कोणाला तपासणार, तुम्ही?"

"मले कोनाले तपासायचं नाई. अर्पिता बाई हाय. तुह्याआधी मी म्हटलं ते."

"मग?"

"मग काई नाई. आपली संघटना साऱ्या बायाईची नाई निलू. ज्याईनं सोडलं त्याईची हाय. तिच्या नावे मी सोडलं. भाऊ म्हून सोडलं. आता ती बहीण म्हून येऊन माह्या बाजूले बसन, अन् जमीन भावाचीच राहीन? हे मले पचत नाई."

"म्हणजे जमिनीसाठी," निलोफर म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला जीभ चावावीशी वाटली.

नंदाबाई उठली. तिनं चिरलेला कांदा परातीत लोटला आणि हात धुवायला मोरीवर गेली. तिथे ती गरजेपेक्षा बराच जास्त वेळ हात धूत राहिली.

चुलीपुढे बसलेल्या शकुबाईनं, नंदा आणि अर्पिताच्या म्हाताऱ्या आईनं, हे सगळं ऐकलं होतं. नंदानंतर पंधरा वर्षं देवळांचे उंबरे झिजवून तिला मुलगा झाला होता. तो मुलगा आता बांगड्या घालून फिरतो हे तिनं कसं पचवलं ते तिलाच ठाऊक. जुनं नाव तोंडातून निसटू नये म्हणून ती त्याला नुसतं 'लेकरा' म्हणायची. एका पोरीनं दुसरीच्या विरुद्ध बोलावं आणि तेही आपल्याच अंगणात, एवढंच तिला कळत होतं. भाकरी उलटायची राहून करपली.

ती तशीच उठून आतल्या खोलीत गेली. भाव पडलेला म्हणून यंदाचा जो काही थोडका कापूस आला तो तिथेच साठवून ठेवला होता, छातीइतका. त्याच्या कडेला उभी राहून अर्पिता साडीच्या निऱ्या करत होती.

"लेकरा, तू आज बैठकीत नोको बसू."

"काहून?"

"नंदा नाई म्हनून राह्यली."

अर्पिताच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. तिनं त्या पुन्हा गोळा करायला घेतल्या. "ताई? ताई कशी नाई म्हनन? तुले नीट ऐकू नसन आलं."

"मले डोयानं दिसत नाई, कानानं सारं आयकू येते."

गेल्या महिन्यात पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायची सीतादही अर्पितानंच केली होती, आणि वेचणाऱ्या बायांनी कुरकुर न करता तिच्या हातचा प्रसाद घेतला होता. त्या दिवशी तिला वाटलं होतं, आता फक्त एक पायरी राहिली. ती पायरी ताईच्या संघटनेची होती. ती चढताना ताई वर उभी राहून हात देईल, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

अकरापर्यंत अंगण भरलं. एकेचाळीस बाया आल्या. दारव्ह्याच्या, लाडखेडच्या, तांड्यांवरच्या, लोहाऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तिघी. शेजारच्या कुंपणापलीकडे नानाजीकाका बाज टाकून बसले, वर्तमानपत्र उलटं धरलेलं. बायांना त्याचं हसू आलं. माहेरच्या बैठकीला कोणीतरी असं बसलेलं असतंच.

नव्या बाईनं आपला फॉर्म उभं राहून मोठ्यानं वाचायचा, हाही नंदाबाईचाच रिवाज. फॉर्ममध्ये चार रकाने. पहिल्या तीन रकान्यांत कुणाला काही होत नसे, पण चौथ्याशी आली की बाई रडायची. रडली की तिला पाणी द्यायचं आणि आपल्यात घ्यायचं.

अर्पिता उभी राहिली. आवाज तिनं नागपुरात मेहनतीनं घडवला होता.

"नाव, अर्पिता. माहेर, बोरी अरब. सासर..." ती थांबली. "सासर नाई."

"सुटली बापा!" लोहाऱ्याची एक जण म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं. अर्पिताही हसली. त्या हसण्यात ती इतकी त्यांच्यातली होती की नंदाबाईला वाटलं, आता गप्प बसावं, जाऊ द्यावं.

"चार. हक्कसोड केलं का? कोनाच्या नावे?"

तिनं हा रकाना आधी वाचला होता, पण मनातल्या मनात. मोठ्यानं वाचल्यावर तो वेगळाच वाटला. फॉर्म भरून आणलेला होता, तिथे निलोफरच्या अक्षरात 'लागू नाही' असं लिहिलं होतं. तेवढं वाचून खाली बसता आलं असतं.

"मी नाई केलं," अर्पिता म्हणाली. "माह्या नावे झालं. ताईनं केलं."

हसणं थांबलं. चाळीस चेहरे नंदाबाईकडे वळले.

नंदाबाई उभी राहिली. सकाळी मोरीवर जुळवलेली वाक्यं आठवेनात. "मी ठरावाच्या इरुद्ध हाय," ती म्हणाली. "ती बाई नाई म्हून नाई. ती बाई हाय. पन मले जे भेटलं नाई ते बाई म्हून भेटलं नाई, अन् तिले जे भेटलं ते गडी म्हून भेटलं. तिनं मागितलं नसन. मीबी बाईचा जल्म मागितला नव्हता. मन काय म्हनते ते तिचं तिले मालूम, मी मानते. पन सातबारा मनावर नाई चालत. तो आधी सोडा, मंग या, एवढंच माह्यं म्हननं. दुसऱ्या कोन्या भावाले आपन हेच म्हनतो का नाई?"

"ती भाऊ नाही!" निलोफर ताडकन उठली. "ताई, तुम्ही तिला पुन्हा भाऊ करून राहिल्या. सगळ्यांसमोर."

"मंग माह्या सहीचं काय व? ते कोनाले देलं मी?"

तेव्हा तांड्यावरची बसंतीबाई बोलली, आणि बोलली ती नंदाबाईच्या बाजूनं. "नंदाबाई बरोबर बोलते. आपन इथं घरच्या गोष्टी बोलतो. नवरा काय करते, कसा मारते, कोठं मारते. मी गड्यासमोर नाई बोलत ते. ह्या गड्यासमोरबी नाई बोलनार."

"बसंते, ती गडी नाई," नंदाबाई गर्रकन वळून म्हणाली. "तसं पुन्हा म्हनशीन तं मी तुह्याशी बोलनार नाई."

"म्हंजे? तू कोनाच्या बाजूनं हाय व मंग?"

कुंपणापलीकडून टाळी वाजली. नानाजीकाका बाजेवर उठून बसले होते. "शाब्बास नंदे! घरान्याची लाज राखली तू. हिजड्याईले बायात बसवाले निंगाले!"

ज्या माणसानं नंदाबाईपुढे कागद सरकवला होता, पाहुणी म्हणून चार दिवस राहा म्हटलं होतं, त्यानं बारा वर्षांत पहिल्यांदा तिला शाबासकी दिली होती. ती किंचाळली, "काका, गप बसा! तुमच्यासाठी नाई बोलून राह्यली मी!" काका हसले. त्यांना ते पुरेसं होतं.

अर्पिता अजून उभीच होती, फॉर्म हातात धरून. तिला बारा वर्षांपूर्वीचं कचेरीतलं टेबल आठवत होतं. ताईनं सही केली, गालगुच्चा घेतला, म्हणाली, "आता मोठा झाला तू." एकवीस वर्षांच्या त्या पोराच्या ओठांवर शब्द आले होते, मी मोठा नाही, मी भाऊच नाही. ते तिनं गिळले. भीती होतीच. पण बोललो तर जमीनही जाईल, हेसुद्धा तेव्हा तिला स्पष्ट कळत होतं. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नागपूरच्या मैत्रिणींनाही नाही. ताई चुकीचं बोलत असती तर किती सोपं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला ताईचा अतोनात राग आला.

मत घेतलं. ठरावाच्या बाजूनं एकतीस हात वर झाले. निलोफरचा सगळ्यांत उंच.

"विरुद्ध?"

नंदाबाईनं हात वर केला. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. बसंतीबाई आणि तिच्या बरोबरच्या सात जणी. या आठ जणींचं कारण आणि तिचं कारण यांची कुठेच गाठ पडत नव्हती, आणि कुंपणापलीकडे काका मान डोलवत होते. तिला हात खाली घ्यावासा वाटला. आपण इतक्या एकट्या नवऱ्यानं काढलं त्या दिवशीही नव्हतो, असं तिला वाटलं. त्या दिवशी निदान आपलं चुकलं नाही अशी खात्री होती. हात तिनं खाली घेतला नाही.

सुग्राबीनं कोणत्याच बाजूला हात केला नाही. दोन्ही हात पदराखाली घेऊन ती बसून राहिली. नंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती पुटपुटली, "तेरी बात सच्ची हाय नंदा. पन ते पोरीचं तोंड पाह्यवत नाई मले."

ठराव पास झाला. नंदाबाईनं फॉर्म मागून घेतला आणि अध्यक्ष म्हणून त्यावर सही केली. मतभेद असला तरी ठराव तो ठराव. नियम तिनंच केले होते. मग संघटनेचा शिक्का आणि कपाटाची किल्ली निलोफरपुढे ठेवली.

"ताई, हे कशाला?" निलोफरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुम्हाला जा नाही म्हटलं."

"नाई म्हटलं. पन आता तू मले इचारत इचारत काम करशीन, अन् मी तुह्या तोंडाकडं पाहत. तसं नोको." तिनं निलोफरच्या डोक्यावर हात ठेवला. निलोफरनं तो काढला नाही, पण मान वरही केली नाही. पाचच्या गाडीनं बाया गेल्या. नंदाबाईसाठी जागा धरायला त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

ती मागेच राहिली. आतल्या खोलीत अर्पिता कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. पदराला कापूस चिकटलेला.

"सदस्य झाली मी," अर्पिता म्हणाली.

"झाली. मीच सही केली."

"अर्धी जमीन तुह्या नावे करून देतो म्हटलं तं?" अर्पिताचा आवाज घसरून जुना झाला होता, आणि तिनं तो सावरला नाही. "साडेचार एकर. घेशीन?"

नंदाबाई वाकून तिच्या पदराचा कापूस वेचू लागली.

"तू जमिनीसाठी बोलली का ताई?"

"नाई."

"मंग नोको म्हन. म्हन, मले तुही जमीन नोको, तू बहीन हाय तेवढं पुरे. सारं मिटन. निलोफर किल्ली परत देईन. मी तुह्या पायावर डोकं ठेवीन."

नंदाबाईला ते म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण नऊ वर्षं तिनं गावोगावी बायांना एकच गोष्ट सांगितली होती: भाऊ रडेल, आई रडेल, गळ्यात पडेल, तरी नको म्हणायचं नाही. तिच्या सांगण्यावरून कितीजणी भावांशी कायमच्या तुटल्या होत्या. आज स्वतःवर वेळ आल्यावर नको म्हणायचं, तर त्या बायांच्या तुटलेल्या माहेरांचं काय? आणि घेतली, तर निलोफर म्हणाली तेच खरं ठरणार होतं, साऱ्या तालुक्यात.

"घेईन," ती म्हणाली.

अर्पितानं डोळे मिटले. "मालूम होतं मले."

"आता नोको करू पन. तुहे कागद बदलू दे. आधार बदलू दे, नाव बदलू दे, मंग अर्पिता म्हून देजो."

"मंग त्याले किती वर्सं लागन कोनाले मालूम? अन् ज्यानं घेतली त्यानंच परत करावं. माह्या नावाले कायले तो कागद?" ती उठली, पदराचा कापूस झटकला. "अमरले एवढं एक काम करून जाऊ दे. पुन्हा ते नाव मी लिहिनार नाई."

दारात उभ्या असलेल्या शकुबाईनं ते ऐकलं आणि ती तिथेच खाली बसली. आपल्या पोराचं कोणीतरी दिवसच घालतंय असं तिला वाटलं. दोघींपैकी कुणालाच तिला उठवायचं सुचलं नाही.

बारा दिवसांनी दारव्ह्याला निबंधकाच्या ऑफिसात अर्पिता आली ती शर्ट-पँट घालून. केस मागे घट्ट बांधून कॉलरमध्ये खुपसलेले, वर गड्यांसारखा दुपट्टा गुंडाळलेला. आधारवर जो फोटो होता त्याच्याशी चेहरा जुळायला हवा, असं अर्ज लिहिणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं. हातात एक कापडी पिशवी; काम झालं की बदलायला आणलेली साडी. पिशवी तिनं नंदाबाईकडे दिली.

तिच्या नाकातली चमकी काढलेली नंदाबाईला दिसली. त्या वेळी, नाव पुकारायच्या आधी, तिला थांब म्हणता आलं असतं. चाल घरी, नको मला, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. नंदाबाई तो क्षण पुढे आयुष्यभर उगाळत बसली. पण तेव्हा ती बोलली नाही.

"अमर," ऑपरेटरनं हाक दिली.

"हाव," अर्पिता म्हणाली, जुन्या आवाजात.

अंगठा झाला. कॅमेऱ्यापुढे फोटो झाला. "घेणारीशी नातं?"

"भाऊ."

साक्षीदार म्हणून सुग्राबीनं सही केली. तिला पहिल्यापासून सहीचा अभिमान, आज मात्र अक्षर वाकडं आलं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. नंदाबाईच्या नावे बोरी अरबच्या शिवारात साडेचार एकर झाली. असा कागद पाहायला आजवर ती किती जणींबरोबर या व्हरांड्यात उभी राहिली होती. कागद हातात पडला की बाया एकमेकींना मिठ्या मारायच्या, कोणीतरी पेढे आणायचं. आज निलोफर आली नव्हती. 'ताईला जमीन मिळाली म्हणे', एवढं संघटनेत पोचलं होतं.

"खोलीवर चाल," नंदाबाई म्हणाली. "बदल, दोन घास खाय, मंग जाय."

"नाई ताई. गाडी हाय."

"अशीच जाशीन गावात?"

"जाऊ दे ना. साऱ्याईले आनंद होईन. काका तं फटाके फोडन." अर्पिता हसल्यासारखं करून पुढे चालू लागली. स्टँडवर बोरीची गाडी लागलेलीच होती, सोयाबीन विकून परतणाऱ्यांनी खच्चून भरलेली. शर्टातल्या माणसाला कोण वाट देतं? कोपर मारत, कोपर खात ती आत घुसली. मागे वळून तिनं काही म्हटलं असेल, पण गलक्यात ते ऐकू आलं नाही.

गाडी मागे सरकून वळली तेव्हा नंदाबाईच्या लक्षात आलं, पिशवी आपल्याच हातात आहे.

ती धावली. तिसऱ्या खिडकीत अर्पिताचं डोकं दिसत होतं, तोंड पलीकडे. नंदाबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. अर्पिता म्हणावं, तर अख्खी गाडी वळून त्या शर्टाकडे पाहणार, आणि बोरी येईपर्यंत तिला त्या नजरांत बसून राहावं लागणार. अन् दुसरं नाव? ते तर तिनं आत्ता, माझ्यापायी, शेवटचं लिहिलं. सभा गाजवून आवाज कमावलेली ती बाई गाडीच्या मागे मुक्यानं धावत राहिली. पत्र्यावर तिनं दोन थापा मारल्या. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं, "बाई, मागून गाडी येऊन राह्यली," म्हणाला आणि घंटी दिली.

सुग्राबी धापा टाकत मागून आली. "अवं, आवाज द्याचा ना! थांबली असती की पोरगी."

"कोन्या नावानं देऊ?" नंदाबाई म्हणाली.

सुग्राबीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला गावाकडची गाडी धरायची होती, ती थोडा वेळ थांबली आणि गेली. बोरीची पुढची गाडी दीड तासानं होती. नंदाबाई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.